गोनॅडोब्लास्टोमा आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गाठी: फरक कसा ओळखावा?

काचपट्टी

जिल्ह्याच्या ठिकाणी माझी छोटी पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे. पित्ताशये, अपेंडिक्स, गर्भाशये आणि थायरॉइडच्या गाठी यांचीच येथे रोजची ये-जा असते. ज्या गाठीविषयी हा धागा काढत आहे ती, म्हणजे नीट न घडलेल्या जननग्रंथीत होणारा गोनॅडोब्लास्टोमा, मी तेवीस वर्षांच्या कामात केवळ चार वेळा पाहिली, आणि पहिल्या वेळी ती माझ्या हातून निसटता निसटता राहिली. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मात्र विकृतीचे वर्णन जसे होते तसेच देत आहे.

सतरा वर्षांच्या एका मुलीच्या उजव्या अंडाशयाची गाठ आली होती. सोबतच्या चिठ्ठीवर "उजवा अंडाशय, गाठ, कर्करोग आहे का ते कळवावे" एवढाच मजकूर होता. गाठ नारळाएवढी, कापल्यावर फिकट पिवळसर, मऊ आणि सर्वत्र एकसारखी दिसणारी. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, गोल, स्वच्छ पेशींचे पुंजके आणि त्यांना वेगळे करणाऱ्या पातळ पडद्यांत लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) दाटी दिसत होती. हा डिसजर्मिनोमा, म्हणजे अंडाशयातील बीजपेशींचा कर्करोग, आहे हे पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थीही अर्ध्या मिनिटात सांगेल. मी अहवालाचा मसुदा लिहूनही ठेवला होता. परंतु कडेचा एक ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा) कापताना सुरी करकरल्याचे आमच्या तंत्रज्ञाने सांगितले होते, आणि त्या काचपट्टीवर तुतीच्या फळासारखे दिसणारे जांभळे कॅल्शियमचे गोळे होते. त्यांच्या शेजारी, जेमतेम दोन मिलिमीटरच्या जागेत, काही गोल घरटी होती. त्यांच्या आत त्याच मोठ्या स्वच्छ पेशी होत्या, पण त्यांच्या सोबतीला लहान, गडद केंद्रकांच्या दुसऱ्याच पेशी होत्या, आणि मध्ये मध्ये काचेसारखे गुलाबी ठिपके होते.

मी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून एकच प्रश्न विचारला, "मुलीला पाळी येते का?" पाळी कधी आलीच नव्हती. पोट एवढे वाढलेले असताना तो प्रश्न मागे पडला होता. डावा अंडाशय "लहान, पण निरोगी" वाटल्यामुळे पुढे मूल व्हावे या सद्हेतूने जागेवर ठेवलेला होता. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) ४६,एक्सवाय, म्हणजे एरवी पुरुषात असतो तसा, आला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढलेला तो निरोगी अंडाशय म्हणजे प्रत्यक्षात एक पांढुरकी तंतुमय पट्टी होती आणि तिच्यात तीन मिलिमीटरचा गोनॅडोब्लास्टोमा होता.

हा फरक केवळ नावाचा नाही. सामान्य ४६,एक्सएक्स मुलीला एका बाजूला डिसजर्मिनोमा झाला असेल, तर त्या बाजूचा अंडाशय काढून दुसरा राखता येतो, आणि तो राखलाच पाहिजे. तोच डिसजर्मिनोमा गोनॅडोब्लास्टोमातून उगवला असेल, तर दुसरी ग्रंथी राखण्यात अर्थ नसतो, कारण ती मुळात अंडाशय झालेलीच नसते आणि तिच्यातही तोच धोका असतो. ती पोटात राहणार की नाही हे अहवालातील एका ओळीवर ठरते.

बोस्टनच्या रॉबर्ट स्कली यांनी १९५३ मध्ये या गाठीला नाव दिले आणि १९७० मध्ये ७४ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नावामागचा विचार मला आजही समर्पक वाटतो. गर्भात बीजपेशी पीतककोशाच्या (गर्भालगतच्या पिशवीच्या) भिंतीतून प्रवास करीत जननग्रंथीच्या जागी पोहोचतात, तेथे आधार देणाऱ्या पेशी त्यांना कवेत घेतात, आणि मग अंडाशय किंवा वृषण घडते. गोनॅडोब्लास्टोमामध्ये ही भेट झालेली असते, पण संसार पुढे सरकलेला नसतो. म्हणून या गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी दिसल्या पाहिजेत, आणि त्या एकाच घरट्यात, एकाच आधारपटलाच्या (पेशींखालच्या पातळ पडद्याच्या) आत दिसल्या पाहिजेत. लहान पेशी तेथे तीन तऱ्हांनी मांडलेल्या आढळतात: घरट्याच्या कडेने रांगेत, एकेका बीजपेशीभोवती कडे करून, किंवा त्या गुलाबी ठिपक्यांभोवती वर्तुळाकार. बाहेरच्या ऊतकात लायडिग पेशींसारख्या (वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशींसारख्या) दिसणाऱ्या पेशी बऱ्याचदा असतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वलयाकार नलिका असलेल्या सेक्स कॉर्ड गाठीशी, म्हणजे त्याच आधार देणाऱ्या पेशींच्या गाठीशी. तिचेही वर्णन १९७० मध्ये स्कली यांनीच केले. तेथेही गोल घरटी, गुलाबी ठिपके आणि कॅल्शियम असते. कमी भिंगातून पाहिले तर दोन्ही बहिणी-बहिणी वाटतात. पण त्या वलयांत बीजपेशी नसतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पॉइट्झ-येगर्स सिंड्रोम असतो, म्हणजे ओठांवर काळसर ठिपके आणि आतड्यांत पॉलिप. त्यांच्यात ही गाठ बहुधा बारीक, दोन्ही बाजूंना आणि निरुपद्रवी असते, मात्र अशा स्त्रीच्या गर्भाशयमुखाची तपासणी विसरून चालत नाही, कारण तेथे एक फसवा, सौम्य दिसणारा कर्करोग होऊ शकतो. सिंड्रोम नसताना हीच गाठ एका बाजूला, मोठी असते आणि काही वेळा पसरते. या स्त्रिया ४६,एक्सएक्स असतात आणि त्यांना पाळी आलेली असते.

येथे अनेक अनुभवी मंडळी आहेत. त्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

कृष्णाकाठ

फोनवरून विचारलेला तो प्रश्न आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधीच विचारायला हवा होता, हे मान्य करूनच लिहितो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी "अजून शहाणी झाली नाही" म्हणून आईबरोबर येते, तेव्हा गाठ असो वा नसो, तीन अवस्था एकमेकींपासून वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्यांतल्या दोहोंत वाय गुणसूत्र असूनही गोनॅडोब्लास्टोमाचा धोका सारखा नसतो.

पहिली स्वायर सिंड्रोमची, जिचे वर्णन ब्रिटिश डॉक्टर जेराल्ड स्वायर यांनी १९५५ मध्ये केले. मुलगी उंचीने चांगली वाढलेली असते, स्तनांची वाढ नसते किंवा अगदी थोडी असते, एफएसएच (जननग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) खूप वाढलेले असते आणि गर्भाशय असते. वृषण घडलेच नसल्याने गर्भाशय विरघळवणारे संप्रेरक तयार होत नाही. दुसरी अवस्था अँड्रोजेनला दाद न देणाऱ्या शरीराची. तेथे वृषणे घडलेली असतात, टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतके असते, पण शरीर त्याला प्रतिसाद देत नाही. म्हणून स्तन चांगले वाढतात, काखेतले आणि जांघेतले केस विरळ असतात, गर्भाशय नसते, आणि लहानपणी दोन्ही जांघांत हर्निया झाल्याचा इतिहास पुष्कळदा मिळतो. तिसरी मायर-रोकिटान्स्कीची: ४६,एक्सएक्स, निरोगी अंडाशय, वाढलेले स्तन, सामान्य एफएसएच, फक्त गर्भाशय घडलेले नसते.

त्यामुळे मी आधी स्तनांची वाढ पाहतो, मग गर्भाशय, मग एफएसएच, आणि त्यानंतर न चुकता कॅरिओटाइप मागवतो. मात्र स्तनांवर पूर्ण विसंबू नये. गाठच इस्ट्रोजेन तयार करीत असेल, तर स्वायर सिंड्रोमच्या मुलीतही स्तन वाढतात, एखाद्या वेळी रक्तस्रावही होतो, आणि "पाळी आली होती" असे घरचे सांगतात. उलट अँड्रोजेन तयार झाले तर आवाज घोगरा होतो आणि भगशिश्न वाढते. टर्नर सिंड्रोममध्ये ४५,एक्स सोबत ४६,एक्सवाय अशी मिश्र गुणसूत्रे असतील, तर तोच धोका असतो, पण मुलगी बुटकी असते, म्हणून तिच्याकडे वेगळ्या वाटेने लक्ष जाते. आणि सगळेच रुग्ण मुली नसतात. साधारण पाचांपैकी एक मुलगा असतो, ज्याचे वृषण खाली उतरलेले नसते आणि बहुधा मूत्रछिद्र जागेवर नसते.

रक्ततपासण्यांत डिसजर्मिनोमासाठी एलडीएच हे विकर (एन्झाइम) उपयोगी पडते. शुद्ध डिसजर्मिनोमात एएफपी हे प्रथिन वाढत नाही, त्यामुळे ते वाढलेले असेल तर गाठीत पीतककोशाच्या गाठीचा भाग शोधावा, असे आपल्या पॅथॉलॉजिस्टना सांगावे. बीटा एचसीजी (गर्भधारणेच्या तपासणीत पाहतात ते संप्रेरक) मात्र थोडे वाढू शकते. त्यावरून एका अविवाहित मुलीवर घरात जो प्रसंग ओढवला तो मी पाहिला आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मायक्रोटोम

धाग्यात सुरीच्या करकरण्याचा उल्लेख आला म्हणून तंत्रज्ञाच्या नात्याने लिहितो. मी एकोणीस वर्षे ब्लॉक कापतो. कॅल्शियमचा बारीक कण असला तरी तो हाताला आधी कळतो आणि डोळ्याला नंतर. रिबन मधोमध चिरत जाते, पात्यावर बारीक खाच पडते, आणि पाते बदलले तरी पुढची पट्टी त्याच जागी फाटते.

अशा वेळी आमच्याकडे दोन चुका होतात. पहिली म्हणजे तो ब्लॉक बाजूला ठेवून शेजारचा मऊ ब्लॉक कापायचा. डिसजर्मिनोमाचा मोठा मऊ भाग व्यवस्थित दिसतो, सगळे खूश होतात, आणि ज्या कडक कोपऱ्यात मूळ गाठ असते तोच कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली जात नाही. दुसरी चूक म्हणजे संपूर्ण तुकडा रात्रभर तीव्र आम्लात टाकायचा. कॅल्शियम विरघळते, पण केंद्रकांचा रंग उतरतो, नंतर करायच्या मार्कर तपासण्या (पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याच्या) फिक्या पडतात आणि त्या ऊतकातून डीएनए मिळण्याची आशाही संपते. मी ब्लॉकचा पृष्ठभाग काही मिनिटे सौम्य आम्लाने भिजलेल्या कापसावर उलटा ठेवतो, दोन-चार पट्ट्या घेतो आणि पुन्हा ठेवतो. वेळ असेल आणि तुकडा फारच कडक असेल, तर ईडीटीए हे कॅल्शियम हळूहळू काढणारे रसायन वापरतो. त्याला दिवस लागतात, पण ते ऊतकाला जपते.

पट्टीसारख्या ग्रंथीविषयी आणखी एक. ती दोन-तीन सेंटिमीटरची असते, आणि "एकच प्रातिनिधिक तुकडा घ्या" असे सांगण्याचा मोह होतो. ती संपूर्ण घ्यावी. आडवे, दोन-तीन मिलिमीटरचे काप करून सगळेच्या सगळे ब्लॉकमध्ये घालावेत.

काचपट्टी

मायक्रोटोम, आपल्या शेवटच्या परिच्छेदाला पुस्ती जोडते. काही वेळा गोनॅडोब्लास्टोमा विझून गेलेला असतो. पेशी नाहीशा होतात आणि तंतुमय पट्टीत फक्त कॅल्शियमचे गोल कण उरतात. एकाच तुकड्यावर समाधान मानले असते, तर "पट्टीसारखी ग्रंथी, गाठ नाही" असा अहवाल गेला असता. त्या कणांच्या आसपास खोलवर कापत गेल्यावर एखादे जिवंत घरटे सापडते.

एक_मावशी

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. माझी भाची सोळा वर्षांची आहे. पाळी आली नाही म्हणून तालुक्याच्या एका केंद्रात सोनोग्राफी केली, तेव्हा "गर्भाशय नाही, अंडाशय दिसत नाहीत" असे लिहून दिले. माझ्या बहिणीने तो कागद देवघरात ठेवला आणि आठ दिवस कोणाशी बोलली नाही. पुढे मोठ्या शहरात एमआरआय झाला, तेव्हा गर्भाशय आहे, पण फार लहान आहे, असे सांगितले. मग रक्ताची गुणसूत्र तपासणी झाली आणि ४६,एक्सवाय असे आले. आता डॉक्टर दोन्ही ग्रंथी दुर्बिणीने काढायला सांगत आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. कोठेही गाठ दिसत नसताना काढण्याची घाई का? दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून पाहत राहिले तर चालणार नाही का? आणि आमच्या नात्यातल्या एका मुलीच्याही रक्तात असेच एक्सवाय निघाले होते, पण तिच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितले. एकाच आजारात दोन सल्ले कसे?

कृष्णाकाठ

ताई, सोनोग्राफीचे आधी सांगतो. ज्या गर्भाशयाला कधीच इस्ट्रोजेन मिळालेले नाही ते बोटाच्या पेराएवढे राहते आणि पोटावरून केलेल्या तपासणीत हुकते. पुष्कळ मुलींना त्यामुळे आधी मायर-रोकिटान्स्कीचे चुकीचे निदान मिळते. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर काही महिन्यांत ते वाढलेले दिसते. गर्भाशय राखायचेच असते. पुढे दात्याच्या बीजांडातून गर्भधारणेची शक्यता राहते, हे आपल्या बहिणीला आवर्जून सांगा.

पाहत राहण्याविषयी सांगायचे तर, पाहायला तेथे काही दिसतच नाही. पट्टीसारखी ग्रंथी सोनोग्राफीत उमटत नाही, गोनॅडोब्लास्टोमा अनेकदा काही मिलिमीटरचाच असतो, आणि तो ज्या वेळी दिसू लागतो त्या वेळी बहुधा त्यातून डिसजर्मिनोमा वाढलेला असतो. ज्यांना गोनॅडोब्लास्टोमा असतो त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत तसे घडते. शिवाय ही ग्रंथी संप्रेरक देत नाही की बीजांड देत नाही, म्हणजे ती राखून मिळण्यासारखेही काही नाही.

तुमच्या नात्यातल्या मुलीचा आजार बहुधा वेगळा असावा. तिचे स्तन आपोआप वाढले असतील आणि गर्भाशय नसेल, तर ती अँड्रोजेनला दाद न देणारी अवस्था आहे. तेथे वृषणे घडलेली असतात, वयात येण्याच्या काळात ती उपयोगी पडतात, आणि त्या वयापर्यंत कर्करोगाचा धोका कमी असतो. म्हणून थांबता येते. गुणसूत्रे तीच, पण ग्रंथी निराळी. तिचे कागद न पाहता मी याहून अधिक सांगू नये.

उत्तरवारा

मी इंग्लंडमध्ये बालरुग्णांची पॅथॉलॉजी पाहतो. मूळ धाग्यात न आलेल्या काही फसव्या चित्रांविषयी लिहितो.

नात्यातल्या मुलीचा विषय निघालाच आहे, तर त्या अवस्थेतील वृषणांत पांढऱ्या, घट्ट गाठी बऱ्याचदा सापडतात. त्यांत अपरिपक्व सर्टोली पेशींच्या (वृषणातील आधार देणाऱ्या पेशींच्या) नलिका असतात, त्यांच्या आत कधी एखाद-दुसरी बीजपेशी अडकलेली असते आणि मध्ये गुलाबी आधारपटलाचे गोळेही असू शकतात. वरवर पाहणाऱ्याला येथे सगळे घटक हजर दिसतात. पण ती नलिकांची रचना आहे, घरट्यांची नाही, आणि आजूबाजूला वृषण ओळखू येते. खाली न उतरलेल्या साध्या वृषणातही असे सर्टोली पेशींचे पुंजके सापडतात.

नवजात मुलींच्या सामान्य अंडाशयातही गोनॅडोब्लास्टोमासारखे दिसणारे सूक्ष्म पुंजके आढळतात आणि पुढे ते नाहीसे होतात. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या ऊतकात ते दिसले, तर आई-वडिलांना घाबरवू नये. आणि ज्या बाळांच्या जननग्रंथींची घडण वेगळी आहे, त्यांच्यात बीजपेशींची वाढ रेंगाळते. त्या वर्षभराच्या वयापर्यंत ओसीटी ३/४ हा बीजपेशींचा मार्कर दाखवत राहतात. त्यामुळे मार्कर उमटला म्हणजे विकृती आहे, असा अर्थ लावता येत नाही. ती पेशी नलिकेच्या मध्यभागी आहे की आधारपटलाला चिकटून बसली आहे, आणि बाळाचे वय किती, हे एकत्र पाहावे लागते.

अगदी उलट टोकाला एक खरी गाठ आहे, बीजपेशी आणि सेक्स कॉर्ड पेशींची मिश्र गाठ. टालेरमन यांनी १९७२ मध्ये तिचे वर्णन केले. पेशी त्याच दोन, म्हणून नावाच्या वादात ती अनेकदा गोनॅडोब्लास्टोमाच्या खात्यावर जमा होते. पण ही गाठ लहान मुलींत, बहुधा पहिल्या दशकात, सामान्य ४६,एक्सएक्स शरीरात आणि सामान्य अंडाशयात होते. ती बहुतेक वेळा एकाच बाजूला, आकाराने मोठी असते. घरट्यांऐवजी दोरखंडासारख्या किंवा पसरट रचना दिसतात, आणि कॅल्शियम व गुलाबी ठिपके सहसा नसतात. काही मुली अकाली वयात येतात. अशा मुलीची दुसरी ग्रंथी निरोगी असते आणि तिला हात लावायचा नसतो. मूळ धाग्यातील चूक येथे उलट दिशेने होऊ शकते, आणि ती अधिक वाईट, कारण काढलेला अंडाशय परत बसवता येत नाही.

एक मतभेद नोंदवतो. धाग्यात मार्करविषयी फारसे काही आलेले नाही. माझ्या मते अशा प्रत्येक नमुन्यावर बीजपेशींसाठी ओसीटी ३/४ व सीडी ११७, आणि सेक्स कॉर्ड पेशींसाठी इनहिबिन व एफओएक्सएल २ एवढे तरी करावेच.

काचपट्टी

उत्तरवारा, बाळांच्या वयाचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, आभार. मार्करविषयी मात्र थोडी वेगळी बाजू मांडते. आपल्याकडे एकेक मार्कर रुग्णाच्या खिशातून जातो, आणि माझ्याकडून ब्लॉक मुंबई किंवा पुण्याला पाठवावा लागतो. म्हणून मी आधी ठरवते की प्रश्न नेमका कोणता आहे. बीजपेशी आहेत की नाहीत एवढीच शंका असेल, तर ओसीटी ३/४ एकट्याने काम भागते. वलयाकार नलिकांची गाठ किंवा ग्रॅन्युलोसा गाठ (अंडाशयातील आधार देणाऱ्या पेशींची गाठ) असेल तर तो उमटत नाही. बीजपेशी उघड आहेत आणि त्यांच्यातल्या लहान पेशी खरोखर सेक्स कॉर्डच्या आहेत की केवळ दाटून बसलेले लिम्फोसाइट आहेत असा प्रश्न असेल, तर इनहिबिन मागवते. दुसरा गोंधळ डिसजर्मिनोमाच्या कडेला नेहमीच होतो आणि मी स्वतः त्यात फसले आहे.

ग्रॅन्युलोसा गाठीचा उल्लेख आलाच आहे. तेथेही गुलाबी ठिपक्यांभोवती पेशींचे कडे असते, पण केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच असते, बीजपेशी नसतात, आणि रुग्ण बहुधा मध्यम वयाच्या किंवा पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. प्रौढ प्रकारच्या बहुसंख्य गाठींत एफओएक्सएल २ या जनुकात एकच ठरावीक बदल असतो, हे २००९ मध्ये लक्षात आले. मात्र एक सावधगिरी हवी: एफओएक्सएल २ चे प्रथिन गोनॅडोब्लास्टोमातील लहान पेशींतही उमटते. रंग उमटणे आणि जनुकात बदल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्करच्या रंगावरून ग्रॅन्युलोसा गाठ म्हणणाऱ्या अहवालावर मला एकदा दुसरे मत द्यावे लागले होते.

उत्तरवारा

मान्य. प्रश्न ठरवून मार्कर मागवणे हे सरसकट यादी मागवण्यापेक्षा चांगलेच. एक भर घालून थांबतो: २०१६ मध्ये स्कली यांच्याच जुन्या संग्रहातील काचपट्ट्या पुन्हा पाहताना गोनॅडोब्लास्टोमाचे एक पसरणारे रूप वेगळे नोंदवले गेले. त्यात घरटी एकमेकांत मिसळून मोठे ठोकळे किंवा फांद्यांसारखे पट्टे होतात, बीजपेशी फार आणि लहान पेशी थोड्या असतात. त्याला घाईने डिसजर्मिनोमा म्हटले जाते. अशा वेळी इनहिबिनने त्या थोड्या पेशी शोधून काढल्या, तर मुलीचे केमोथेरपीचे चक्र वाचू शकते. म्हणजे आपलेच म्हणणे दोन्ही बाजूंनी खरे ठरते.

अबोली

मी जनुकीय समुपदेशन करते. कॅरिओटाइपच्या अहवालाबाबत दोन-तीन गोष्टी लिहिते, कारण वेगळेपण ओळखण्याचा निम्मा भार त्या कागदावर टाकला जातो आणि तो कागद कधी कधी तेवढा भार पेलत नाही.

रक्तात ४६,एक्सएक्स किंवा ४५,एक्स आले म्हणजे वाय गुणसूत्र नाही असे ठरत नाही. मोजक्या पेशी तपासलेल्या असतात, आणि वाय असलेल्या पेशी रक्तात थोड्या व ग्रंथीत जास्त असू शकतात. काचपट्टीवर खरा गोनॅडोब्लास्टोमा दिसत असेल आणि रक्तात वाय नसेल, तर अधिक पेशी मोजायला सांगाव्या, फिश किंवा पीसीआर या डीएनएच्या तपासण्यांनी वायचे तुकडे शोधावे, आणि शक्य असेल तर ग्रंथीच्या ऊतकातच शोधावे. येथे मायक्रोटोम यांचा आम्लाविषयीचा इशारा थेट उपयोगी पडतो. सामान्य ४६,एक्सएक्स स्त्रीत हा आजार क्वचित नोंदला गेला आहे, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढावा.

वाय गुणसूत्राचा कोणता भाग धोक्याचा, याचेही उत्तर महत्त्वाचे आहे. वृषण घडवणारे एसआरवाय जनुक १९९० मध्ये सापडले. स्वायर सिंड्रोमच्या काही मुलींत तेच बिघडलेले असते. म्हणून "एसआरवाय नाही, म्हणजे धोका नाही" असे लिहिलेला अहवाल मी पाहिला आहे. तो युक्तिवाद चुकीचा आहे. गोनॅडोब्लास्टोमाशी जोडलेला भाग वेगळा आहे. डेव्हिड पेज यांनी १९८७ मध्येच तशी कल्पना मांडली होती, आणि आज टीएसपीवाय या जनुकावर मुख्य संशय आहे.

तिसरी गोष्ट स्वस्त आहे आणि तीच राहून जाते: लघवीतील प्रथिने तपासावीत. डब्ल्यूटी १ जनुकात बिघाड असेल, तर जननग्रंथीबरोबर मूत्रपिंडही आजारी असते. फ्रेझियर सिंड्रोममध्ये एक्सवाय मुलगी, पट्टीसारखी ग्रंथी, गोनॅडोब्लास्टोमाचा मोठा धोका आणि हळूहळू निकामी होणारी मूत्रपिंडे असे एकत्र येते. डेनिस-ड्रॅश सिंड्रोममध्ये विल्म्सच्या गाठीचा (लहान मुलांतील मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा) धोका असतो. सुजलेल्या पायांसाठी बालरोगतज्ज्ञांकडे आणि न आलेल्या पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणारी मुलगी एकच आहे, हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

आणि मावशी, भाचीला कोणी "तू मुळात मुलगा आहेस" असे सांगितले असेल, तर ते विधान वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. गुणसूत्रांचा तो एक निष्कर्ष आहे. ग्रंथी वृषण झालेली नाही, शरीर मुलीचेच घडले आहे आणि गर्भाशय आहे. जुनी अपमानास्पद नावे बदलावीत असे २००६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीच्या मसुद्यातच ठरले, पण आपल्याकडच्या अहवालांत ती अजूनही छापली जातात.

एक_मावशी

सगळ्यांचे आभार. लघवीची तपासणी आज करून घेतली, प्रथिने नाहीत. नात्यातल्या मुलीच्या आईला फोन करून विचारले. कृष्णाकाठ यांनी लिहिल्याप्रमाणेच तिचे गर्भाशय नाही, आणि ती तीन वर्षांची असताना दोन्ही बाजूंच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती. भाचीची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. काढलेल्या ग्रंथी कोणत्या सूचनेसह पाठवायला सांगू?

काचपट्टी

ताई, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एवढे सांगा की चिठ्ठीवर वय, पाळी न आल्याचा इतिहास, एफएसएच, कॅरिओटाइप आणि गर्भाशय असल्याचे लिहावे, दोन्ही ग्रंथी "उजवी" आणि "डावी" अशा वेगळ्या बरण्यांत, लगतच्या बीजवाहिन्यांसह पाठवाव्यात, आणि दोन्ही ग्रंथी संपूर्ण तपासाव्यात अशी विनंती करावी. बरणीत फॉर्मालिन ग्रंथी पूर्ण बुडेल इतके असावे. अहवाल आल्यावर काही शंका असेल तर ब्लॉक परत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

मायक्रोटोम

हा धागा वाचून आमच्याकडे चिठ्ठीवर "पाळी" असा वेगळा रकाना छापून घेतला. पहिल्या आठवड्यात तो बहुतेक कोराच आला. आज एक चिठ्ठी आली आहे: मुलगी, वय आठ, दोन्ही बाजूंचा हर्निया, नमुना हर्नियाची पिशवी, आणि रकान्यात "लागू नाही". उजव्या पिशवीत हरभऱ्याएवढा घट्ट गोळा हाताला लागतो आहे. नेहमीप्रमाणे पिशवीचा एकच तुकडा घेऊ, की गोळा संपूर्ण टाकू?

काचपट्टी

संपूर्ण टाका, आणि कडक लागला तरी आम्लात घालू नका. मी डॉक्टरांना फोन करते.